बरोबर उत्तराचा माफीनामा

बारावीत असताना मी एका बरोबर उत्तराबद्दल लेखी माफी मागितली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मखमलाबादच्या बाजूला आमचा मळा होता. वडील कोबी, टोमॅटो काढायचे, आई झेंडू खुडायची. घरात सातवीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. सायकलने नाशकातल्या कॉलेजात जायचे.

गणित आवडायचंच, पण इंटिग्रेशन सुरू झालं आणि वेड लागलं. डिफरन्सिएशनला नियम लावला की उत्तर येतं. इथे उलट होतं. बदल दिलेला, तो मुळात कशाचा ते शोधायचं. वाट आपण निवडायची. फुलं खुडतानाही माझ्या डोक्यात तेच चाललेलं असे. डिफरन्शिअल इक्वेशनचा पुढचा धडा तर मी आधीच वाचून काढला होता.

चाचणीत साईन एक्स गुणिले कोसाईन एक्सचं इंटिग्रेशन विचारलं होतं. सरांनी वर्गात साईनला टी मानून सोडवलेलं. उत्तर, साईनचा वर्ग भागिले दोन, अधिक सी; सी म्हणजे कुठलाही स्थिर आकडा. मी कोसाईनला टी मानलं. माझं आलं, उणे कोसाईनचा वर्ग भागिले दोन, अधिक सी. पेपर हातात पडला तेव्हा त्यावर लाल फुली होती.

मी उभी राहिले. "सर, हेही बरोबर आहे."

"कोसाईन कुठून आलं? त्यात परत उणे! बस खाली."

"दोन्ही उत्तरांत फक्त अर्ध्याचा फरक आहे, सर. तो सीमध्ये जातो. फळ्यावर दाखवू?"

"दाखव," सर म्हणाले. मी फसणार अशी त्यांची खात्री असावी.

दोन ओळींचं काम होतं. साईनचा वर्ग अधिक कोसाईनचा वर्ग म्हणजे एक, हे सगळ्यांना पाठ होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "सर, तिचं बरोबर आहे की!" आणि सगळा वर्ग हसला. मी हसले नव्हते.

सरांनी डस्टर घेऊन माझ्या ओळी पुसल्या. "वडिलांना घेऊन ये. तोवर माझ्या वर्गात पाय ठेवायचा नाही."

दुसऱ्या दिवशी वडील धुतलेले कपडे घालून आले. स्टाफरूमच्या दाराबाहेर त्यांनी चपला काढल्या. बाकी कुणी तिथे चपला काढत नसे. सरांनी कोरा कागद पुढे सरकवला. "लिही. माझं उत्तर चुकीचं होतं आणि मी सरांशी उद्धटपणे वाद घातला."

"वाद घातला असं लिहिते, सर. पण उत्तर चुकीचं होतं असं कसं लिहू?"

 सरांनी वडिलांकडे पाहिलं.

"लिही ना बाई," वडील खालच्या आवाजात म्हणाले. "सरांपेक्षा तुला लय कळतं का?"

मी दोन्ही वाक्यं लिहिली. खाली वडिलांनी एकेक अक्षर जुळवत सही केली, सरांना हात जोडले. सरांनी कागद घडी घालून खणात टाकला.

परतताना वडिलांनी विचारलं, "खरंच चुकलं व्हतं का गं?"

"हो," मी म्हणाले. नाही म्हटलं असतं तर आपण कशावर सही केली ते त्यांना कळलं असतं.

त्यानंतर डिफरन्शिअल इक्वेशन शिकवून झालं. मी मान खाली घालून फळ्यावरचं उतरवलं. बोर्डाच्या परीक्षेत फक्त सरांच्या पद्धतीने सोडवलं; जे त्यांच्या वहीत नव्हतं ते येत असूनही सोडून दिलं. बीएस्सीचा फॉर्म भरलाच नाही. डीएड केलं आणि नांदगाव तालुक्यातल्या एका शाळेत चौथीला भागाकार शिकवू लागले.

दहाएक वर्षांनी घोटीला एका लग्नात सर दिसले. निवृत्त झाले होते. त्यांनीच ओळखलं. "तू ती मळ्यातली ना? गणित का सोडलंस गं? डोकं होतं तुला."

"सर, त्या चाचणीतलं माझं उत्तर बरोबर होतं."

"हो, माहीत आहे," ते सहज म्हणाले. "तू फळ्यावर लिहीत होतीस तेव्हाच कळलं. पण अख्खा वर्ग हसत होता. शिस्त नको का राखायला?"

मी काही बोलायच्या आत वडील मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून लगबगीने आले. सरांपुढे वाकून त्यांनी हात जोडले. "सर, तुमच्यामुळं पोरगी मास्तरीण झाली. तवा तुम्ही वळण लावलं नसतं तर वाया गेली असती."

"अहो, आमचं कामच आहे ते," सर म्हणाले आणि त्यांनी वडिलांच्या पाठीवर हात ठेवला.

वडिलांचा चेहरा फुलला होता.  पंगत बसत होती. मी न जेवताच बाहेर पडले आणि रस्त्यावर एसटीची वाट बघत उभी राहिले.