दोन खुणांच्या मध्ये

त्या दीड महिन्यात मी दिवसातून किती वेळा बॉनेट उघडलं, ते विचारू नका. सकाळी दात घासायच्या आधी. चहा गाळून झाल्यावर. कुकरची दुसरी शिट्टी झाली की तिसरीच्या आत. शेजारीण कुंपणावरून म्हणायची, "काकू, तान्हं लेकरू आहे का वं ते? सारखं दुपटं उचलून पाहता!" खोटं नव्हतं. ओलं की कोरडं, तेच पाहत होते मी. फक्त लेकरू कोरडं निघालं की बरं वाटतं, आणि इथं पट्टी कोरडी निघाली की माझा चहा तसाच गार व्हायचा.

पट्टी म्हणजे इंजिनातलं ऑइल मोजायची ती लांब लोखंडी काडी. तिच्या टोकाशी दोन खुणा असतात. ऑइल त्या दोन खुणांच्या मध्ये असलं की जग ठीक चाललंय असं समजायचं. माझं रोज खालच्या खुणेच्याही खाली. मग मी डबा आणून थोडं ओतायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. पुन्हा ओतायची. आणि गाडी चालू केली की मागून निळा धूर. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे पाणी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, एवढं मला तोवर पाठ झालं होतं.

नुकतंच इंजिनाचं काम केलेली गाडी! कामठी रोडवरच्या मेकॅनिकनं सगळं खोललं, सिलिंडर बोअर केले, पिस्टनला नव्या रिंगा घातल्या. दोन महिने गाडी त्याच्याकडे पडून होती. किल्ली देताना म्हणाला होता, "आजी, रिंगा बसायले वेळ लागते. सुरुवातीले धूर दिसन थोडासा. घाबरू नका. फक्त ऑइलवर नजर ठेवा."

ठेवली. अशी ठेवली की सासूनं सुनेवर ठेवली नसेल.

मी इतकी कासावीस का झाले, ते सांगते. माझी धाकटी बहीण कामठीला राहते. तिच्या कमरेनं दगा दिला, तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीत आहे. ऑटो तिला उंच पडतो, भाच्याची नवी गाडी बुटकी पडते. माझ्या या जुन्या खटाऱ्याची पुढची सीट मात्र नेमकी तिच्या खुर्चीच्या उंचीची. ती कुणाचा हात न धरता आपली आपण सरकून बसते आणि बसली की म्हणते, "चल, दाब पाय!" दर मंगळवारी आम्ही दोघी रामटेकच्या रस्त्यानं जाऊन येतो. मंदिरात जातोच असं नाही. बरेचदा पायथ्याशी गाडी उभी करून चणे खातो आणि वर चढणाऱ्यांना नावं ठेवतो. तिच्या आठवड्यातला घराबाहेरचा दिवस तेवढाच.

आणि पुण्याहून माझा मुलगा फोनवर म्हणाला होता, "आई, काम करूनही धूर येतोय म्हणजे त्या माणसानं फसवलंय तुला. मी शनिवारी येतो. धूर दिसला तर गाडी भंगारात. आणि तुझंही ड्रायव्हिंग आता पुरे."

शनिवार जवळ येत होता आणि पट्टी कोरडीच.

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. तेव्हा वही काढली आणि प्रयोगवहीसारखे रकाने आखले. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. मेकॅनिकनंच फोनवर गुरुकिल्ली दिली होती: सकाळी पहिल्यांदा चालू करताना धूर आला तर व्हॉल्व्हचे सील, ॲक्सिलरेटरवर पाय दाबल्यावर आला तर रिंगा, पाय उचलल्यावर आला तर व्हॉल्व्हचे गाईड. मी नोंदी केल्या. सकाळी धूर. दाबल्यावर धूर. उचलल्यावर धूर. अनुमानाच्या रकान्यात मी ठळक अक्षरात लिहिलं, "मेकॅनिक लबाड आहे."

माझ्या त्या वहीत आणखी एक गोष्ट होती. जितकं जास्त ऑइल ओतलं, तितका धूर जास्त. ती मीच लिहिली होती, माझ्याच अक्षरात, आणि मलाच दिसली नाही. चोवीस वर्षांची असतानाही मी अशीच होते. कडक इस्त्रीची साडी, हातात लाकडी पट्टी, चेहऱ्यावर भाव असा की गुरुत्वाकर्षण माझ्या परवानगीनं चालतं. रकाने सुरेख आखायची. निरीक्षण करायच्या आधी अनुमान लिहून मोकळी व्हायची. आज ती बाई रस्त्यात भेटली तर मी पलीकडून निघून जाईन.

तर मी मेकॅनिकला फोन लावला. "काहून गा, जुन्याच रिंगा घासूनपुसून घातल्यास का?"

पलीकडची ठोकाठोक थांबली. मग म्हणाला, "आजी, असं नका बोलू. मी येऊन पाह्यतो."

आला बिचारा, भर दुपारी. गाडी पोर्चमध्ये होती. त्यानं पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. खालच्या खुणेच्या खाली. त्याचा चेहरा उतरला. "कमीच आहे," म्हणाला. "टाका थोडं. गुरुवारी गॅरेजले आणा. इंजिनचं हेड उतरवा लागन." जाताना पाणीसुद्धा प्यायला नाही. ते मला लागलं, पण मी तसं दाखवलं नाही.

आता मी तुम्हाला पोर्चबद्दल सांगायला हवं. गाडी गॅरेजमध्ये असतानाच आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. रस्ता हातभर वर आला, घर होतं तिथंच राहिलं. मग फाटकापासून आतपर्यंत एक उतार करून दिला. पोर्च लांडा, म्हणून गाडीची मागची चाकं खाली फरशीवर आणि पुढची उतारावर. मी गाडी नेहमी रिव्हर्सनंच आत घेते. हे माझं मिरवायचं कौशल्य आहे, शेजारचे जावईसुद्धा थांबून पाहतात. म्हणजे गाडीचं नाक कायम आभाळाकडे. नव्या रस्त्यानं पावसाचं पाणी घरात येईल, याची चिंता मी रोज करत होते. त्या उतारानं आणखी कशाकशाची पातळी बिघडते, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

गुरुवारी सकाळी न खाता निघाले. आरशात धूर, मागचे हॉर्न वाजवत होते. एका स्कूटरवाल्यानं शेजारी येऊन विचारलं, "आजी, डास मारून राहिल्या का?" मी काच वर केली.

गॅरेजमध्ये मला स्टुलावर बसवलं. मी बसले, उठले, पुन्हा बसले. मेकॅनिकनं चारही प्लग काढले. चारही तेलकट. मग एकेका भोकात दाब मोजायचं मीटर लावलं आणि मला स्टार्टर मारायला सांगितला. पहिल्यात दाब चांगला. दुसऱ्यात तेवढाच. तिसऱ्यात, चौथ्यातही. तो पुटपुटला, "चारही भाऊ धट्टेकट्टे आहेत. रिंगा तर बसल्या." त्याला आनंद व्हायला हवा होता, पण तो आणखीनच गोंधळला. त्यानं एअर फिल्टरचं झाकण उघडलं. आतला कागद ऑइलनं चिंब. तिथं येणारा इंजिनाचा श्वासाचा पाइप काढून उलटा केला, तर त्यातून ऑइल टपकलं.

"हे तर ऑइल खालून वर ढकलून राहिलं," तो म्हणाला.

मग त्यानं पट्टी काढली. पुसली. घातली. काढली. पुन्हा पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली आणि माझ्यासमोर धरली. ऑइल वरच्या खुणेच्या चार बोटं वर होतं.

"आजी, घरी हे कोण टाकते?"

"मी."

"किती?"

"पट्टी सांगेल तितकं."

तो खाली फरशीकडे पाहू लागला. गॅरेजची फरशी सपाट होती. मीही फरशीकडे पाहिलं. मग एकदम आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुमच्या पोर्चात..." तो म्हणाला.

"नाक वर असतं," मी म्हणाले.

"ऑइल मागं जाते, पट्टी पुढं आहे. कोरडीच दिसन!" त्यानं कपाळावर हात मारला. "अन् मीबी तिथंच पाह्यली! आजी, हे इंजिन आहे, सावजी रश्शाचं भांडं नाही. इतकी तर्री कोण सोडते?"

मला हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग एक जुनी गोष्ट आली. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत एका मुलीनं मोजपात्र टेबलावर न ठेवता हातात धरून पाणी मोजलं. मी लाकडी पट्टी आपटली. "सपाट पृष्ठभागावर ठेवायचं, हे किती वेळा सांगितलं?" ती हळूच म्हणाली, "बाई, टेबलच वाकडा आहे." मी म्हणाले, "उलट बोलतेस?" आणि शून्य दिलं. त्या टेबलाच्या एका पायाखाली शिपाई रोज वीट सरकवायचा. मी रोज पाहायची. त्या दिवशी वीट नव्हती.

ती मुलगी आता कुठे आहे, माहीत नाही. मेकॅनिक समोर होता. त्याला म्हणाले, "मी तुला लबाड म्हटलं. चूक माझी. तुझं काम सोळा आणे आहे." तो नुसताच म्हणाला, "पाणी द्या गा आजीले कोणी."

जास्तीचं ऑइल खालून काढलं, फिल्टर बदलला, प्लग पुसले. तो शेजारी बसला आणि आम्ही निघालो. आरशात निळा धूर! "सायलेन्सरात जुनं साचलं आहे, ते जळू द्या. समोर पाहा, आजी!" तो ओरडला. मी समोर कमी, मागेच जास्त पाहत होते. कामठी आली तेव्हा धूर विरळ झाला. बहिणीच्या घरावरून गेलो तरी मी थांबले नाही. परत वळलो तेव्हा आरशात फक्त रस्ता होता, आणि हॉर्न वाजवणारं कुणी नव्हतं.

शनिवारी मुलगा आला. बॅग खाली ठेवायच्या आधी बॉनेट उघडलं. पोर्चमध्येच, उतारावरच. पट्टी काढून म्हणाला, "आई, बघ! ऑइल खालीच आहे. त्या माणसाला मी आता फोन करतो." आणि त्यानं डबा उचलला.

मी गप्प बसू शकले असते. गाडी सपाट जागी घे, एवढं सांगून मोकळी झाले असते आणि माझी चूक झाकली गेली असती. खरं ते सगळं सांगितलं, तर माझं ड्रायव्हिंग थांबवायला त्याला हवं ते कारण मी स्वतःच देणार होते: जिला पट्टी वाचता येत नाही, तिनं गाडी कशाला चालवावी? पण फोन त्याच्या हातात होता.

"डबा ठेव," मी म्हणाले. "त्या माणसाचं काही चुकलं नाही. टेबल वाकडा आहे."

"काय?"

मग सगळं सांगितलं. वहीसुद्धा दाखवली, "मेकॅनिक लबाड आहे" सकट. त्यानं गाडी वर सिमेंटच्या रस्त्यावर नेली, इंजिन जरा निवू दिलं, पट्टी काढली. ऑइल दोन खुणांच्या बरोबर मध्ये. चालू केली, मागे जाऊन उभा राहिला, पाय दाबायला लावला, पाय उचलायला लावला. काही दिसलं नाही. त्यानं वही पुन्हा उघडली आणि हसत सुटला. कितीतरी वेळ हसला. मी वाट पाहत उभी होते. हसण्याचा शेवट कुठं होतो, ते मला पाहायचं होतं.

शेवटी डोळे पुसत म्हणाला, "मंगळवारपर्यंत थांबतो मी. येऊ का तुमच्याबरोबर?"

"ये," मी म्हणाले. "मागे बसायचं. पुढची सीट मावशीची आहे."