आजोबांच्या मांडीतला छर्रा

रेडिओलॉजी शिकणाऱ्या डॉक्टरला संशोधन कसं शिकवतात, ते आज दुपारी नीट कळलं. तुम्हीही ऐका.

माझा थिसिस गुडघ्याच्या एमआरआयवर आहे. त्यातल्या पेशंटना एमआरआय फुकट, म्हणून केदारखेड्याचे एक आजोबा दुखरा गुडघा घेऊन भरलेल्या जीपमधून जालन्याला आले.

आधी साधा एक्स-रे काढला, तर मांडीत छर्रा!

"निजामाचं राज गेलं, त्या पोलिस ॲक्शनच्या साली लागला," आजोबा म्हणाले. "लहान होतो. मायनं हळद भरली. मंग मी बिलकुल विसरून गेल्तो."

अंगात धातू, म्हणजे एमआरआय बंद. आजोबा माझ्या थिसिसमधून बाद.

पण आमचे गाइड सर एकदम खूश. "अरे, इतका जुना छर्रा! केस रिपोर्ट लिही. पहिलं नाव माझं." संमतीच्या कागदावर मी लगेच आजोबांचा अंगठा घेतला.

आजोबांनी हात जोडले. "साहेब, आता काढता ना? अन् गुडघ्याचं बी बघा."

सर मला इंग्रजीत म्हणाले, "सर्जरीकडे पाठवू नकोस. गुडघ्यासाठीही नको, तिथे छर्राही काढून टाकतील. काढला तर सहा महिन्यांनी फॉलो-अप फोटो कशाचा घेणार?"

"काय म्हणले साहेब?" आजोबांनी मला विचारलं.

"सहा महिन्यांनी परत बोलावलंय."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "येतो ना बाप्पा. एवढ्या आस्थेनं आजवर कोणी बोलावलं न्हाई."

पेपरवर दुसरं नाव माझं आहे. अभिनंदन करणार ना?