गोल होडीतले उद्धवराव

उद्धवराव आणि मी भोसरीच्या एका कंपनीत एकाच विभागात सगळी नोकरी काढली. ते ग्राइंडिंगवर, मी तपासणीत. राहायलाही एकाच इमारतीत, निगडीला. ते मूळचे बीडकडचे. वडील लवकर गेले, तेव्हा थोरल्या किसननं स्वतःची शाळा सोडून धाकट्याला आयटीआयला घातलं. ही गोष्ट उद्धवराव इतक्यांदा सांगत की कॅन्टीनमधली पोरं त्यांच्या आधीच "आणि मग किसनदादानं" अशी सुरुवात करून द्यायची. उद्धवराव चिडत नसत. शांतपणे शेवटपर्यंत सांगून मगच ताटाला हात लावत.

दर रविवारी सकाळी दादाचा फोन यायचा. बोलणं काय, तर गुडघा कसा आहे आणि तिकडं पाऊस आहे का. पण तो फोन होईपर्यंत हा माणूस अंघोळीला उठायचा नाही.

त्यांचा मुलगा सुजित हिंजवडीत मोठ्या पदावर आहे. स्वभावानं वाईट नाही, हे आधीच सांगतो, कारण पुढं मी त्याच्याबद्दल बरं बोलणार नाही. अवघड गोष्ट उद्यावर ढकलावी आणि ती आपोआप विरघळेल अशी वाट पाहावी, हा त्याचा लहानपणापासूनचा खाक्या. त्यानं यंदा आईवडिलांना व्हिएतनामला न्यायचं ठरवलं, दा नांग नावाच्या समुद्रकाठच्या शहरात. उद्धवराव आढेवेढे घेत होते. मग एके दिवशी जिन्यात भेटले आणि म्हणाले, "दादाला इचारलं. म्हनला, पोरगा हौसेनं नेतोय तर गप जा." सावित्रीवहिनींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली आणि चौघं गेले.

तिकडं फोन चालू होता फक्त सुजितचा आणि त्याच्या बायकोचा, वर्षालीचा. उद्धवरावांचा बंदच होता. एका सकाळी हॉटेलात नाश्ता चालू असताना सुजितला गावाहून चुलतभावाचा फोन आला. किसनदादा पहाटे झोपेतच गेले होते. संध्याकाळी माती. "काकाला सांग," चुलतभाऊ म्हणाला. "सांगतो," सुजित म्हणाला.

सांगितलं नाही. मातीला पोचणं तर शक्यच नव्हतं, मग आईबाबांची उरलेली सहल कशाला नासवायची, असं तो मला नंतर म्हणाला. विचार अगदीच टाकाऊ नाही. पण हा शहाणा बायकोपाशीही काही बोलला नाही. तिला काय स्वप्न पडणार होतं?

त्या दिवशी ते तिथल्या गोल होड्यांत बसले. बांबूची मोठी टोपलीच असते ती. नावाडी ती गरगर फिरवतो आणि आपली भारतीय माणसं दिसली की मोठ्यानं हिंदी गाणी लावतो. कुणीतरी उद्धवरावांच्या डोक्यावर तिकडची टोकदार गवती टोपी ठेवली. आणि पोटच्या पोराच्या वरातीत न नाचलेला हा माणूस त्या डुगडुगत्या होडीत उभा राहून दोन्ही हात वर करून नाचला. मी तो व्हिडिओ पाहिलाय. इतकं खुश मी त्यांना उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि आता तो व्हिडिओ मला बघवत नाही.

वर्षालीनं संध्याकाळी कौतुकानं तो स्टेटसला लावला. गावातल्या निम्म्या भावकीकडं तिचा नंबर आहे. स्मशानातून परतलेल्या माणसांनी हातपाय धुऊन मोबाइल उघडले, तर धाकटा भाऊ नाचत होता.

घरी परतल्यावर, बॅगा अजून दारातच होत्या, तेव्हा सुजितनं सांगितलं. उद्धवराव आधी अंघोळ करून आले. मग विचारलं, "कोणत्या दिवशी?" त्यानं दिवस सांगितला. "आपण कुठं व्हतो तवा?" शेवटी सावित्रीवहिनी म्हणाल्या, "त्या होडीत."

दहाव्याला मीही त्यांच्याबरोबर गावाला गेलो. वाटेत सुजित म्हणाला, "तिथं गेल्यावर मीच सगळ्यांना समजावून सांगेन." उद्धवराव नुसते ऐकत होते. आपल्याला दादाच्या दारात उभं करतील का, एवढीच धास्ती त्यांना होती, हे मला कळत होतं.

नदीवर भावकी एकेक करून न्हाव्यासमोर बसत होती. उद्धवरावांना कुणी बोलावलं नाही. ते आपणहून शेवटी जाऊन बसले आणि डोकं पुढं केलं. सुजितला फोन केलेला पुतण्या मागं उभा होता. "काका, केस कशाला काढता? टोपी बरी दिसत होती की," तो म्हणाला.

मी सुजितकडं पाहिलं. तो बाभळीखाली उभा राहून मोबाइलमध्ये डोळे घालून होता.

वस्तरा थांबला होता. उद्धवराव मान खालीच ठेवून म्हणाले, "मला म्हाईत व्हतं. सुज्यानं त्याच सकाळी सांगितलं व्हतं. मीच म्हनलं, आता जाऊन काय उपेग. ऱ्हायलेलं बघून घेऊ."

किसनदादांच्या पत्नी, शालनबाई, बायकांत बसल्या होत्या. त्या उठून पुढं आल्या. "मी या समद्यांशी भांडत हुते, भाऊजी," त्या म्हणाल्या. "म्हनत हुते, उद्धवला कुनी सांगितलंच नसंल. कळलं असतं तर त्यो पान्यातनं चालत आला असता." त्या उत्तराची वाट पाहत राहिल्या. त्या क्षणी तरी उद्धवरावांनी खरं सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. त्यांनी डोकं पुन्हा न्हाव्यापुढं केलं. पदर डोक्यावरून पुढं ओढून बाई परत जागेवर जाऊन बसल्या, आणि आम्ही जेवण न करता निघालो, कारण जेवायला थांबा असं कुणी म्हटलं नाही.

चाकणच्या चौकात कंटेनरच्या रांगेत गाडी अडकली. मागं सावित्रीवहिनी डोळे मिटून बसल्या होत्या. तेव्हा कुठं सुजितनं विचारलं, "बाबा, तुम्ही असं का सांगितलं?"

उद्धवराव काचेतून समोरच्या कंटेनरकडं पाहत होते. म्हणाले, "तुला त्या गावात जायला वाट ऱ्हावी म्हनून. तुझी चुलतभावंडं हायेत तिथं. माझा एकच व्हता."