सासऱ्यांच्या गाडीचं छप्पर

सासऱ्यांच्या गाडीच्या छपराला मी पत्रा कापायचा ग्राइंडर लावला त्या दिवशी बायको चिपळूणला बहिणीकडे गेली होती. मी मुद्दाम तोच दिवस धरला असं तिचं म्हणणं. खरंच आहे ते, पण मी अजून कबूल केलेलं नाही.

मी चौथीत शाळा सोडली. वडलांच्या हाताखाली होड्या बांधल्या, मग मोठ्या बोटीच्या इंजिनवर खलाशी झालो. अमेरिकेतल्या एका बंदरावर मी पहिल्यांदा हॉट रॉड बघितली. गाडी जुनीपुराणी, पण मडगार्डं काढलेली, इंजिन उघडं, छप्पर कापून खाली बसवलेलं. नाकाडाने रस्ता हुंगत चालल्यासारखी दिसत होती. अशी एक आपण बांधायची, हे तेव्हाच मनात धरलं. वेळ मिळाला तो म्हातारपणी.

सासऱ्यांची विलायती गाडी त्यांच्या माघारी आमच्या जयगडच्या बागेतल्या मांगरात, म्हणजे अवजारांच्या खोपीत, येऊन पडली होती. लग्न होऊन बायको माझ्या घरी आली ती ह्याच गाडीतून. इंजिन गंजून गेलं तरी भंगारात द्यायला ती तयार नव्हती. मी म्हटलं, चालती करतो, पण माझ्या पद्धतीने. दोन दिवस तिने घेतले. मग म्हणाली, "करा. पण मला हिच्यात बसवून हेदवीच्या गणपतीला न्यायचं. नाही नेलंत तर माझ्या बाबांची गाडी तुम्ही मोडलीत, असं मी मरेपर्यंत म्हणेन."

ही बाई म्हणते तसं करते.

जीपचं इंजिन बसवलं, चेसिसला जोड दिला, ब्रेक सगळे नवे घातले. कागदपत्रांसाठी घातलेल्या खेपा इथे सांगत नाही. वेल्डिंगला बाजारातला एक वेल्डर होता, माझ्या निम्म्या वयाचा. तोवर सगळं सुरळीत होतं.

छपराच्या प्रत्येक खांबातून मी चार बोटं कापून काढली. छप्पर खाली ठेवलं. मागचे खांब जुळले, पण पुढे दोन बोटांची फट. पुढचे खांब वर जाताना मागे कललेले असतात. मधला तुकडा गेला की वरचं टोक मागेच राहतं. होडीची कूस वर जाताना कशी बाहेर पसरते ते जन्मभर बघितलेल्या माणसाला हे आधी दिसायला हवं होतं.

वेल्डर म्हणाला, "काका, छप्पर मधोमध आडवं कापू. दोन बोटांची पट्टी घातली की लांबी वाढंल."

"सासऱ्यांच्या गाडीला ठिगळ लावू? होडीची फळी बसत नसली की आम्ही तिला शेक देतो, दोराला पीळ घालून ओढतो. येते वळणावर."

"फळी पाणी पिऊन मऊ होते, काका. पत्रा काय पिणार, चहा?"

"तू वेल्डिंग कर. अक्कल मी लावतो."

शेक दिला, दोर बांधला, पीळ घातला. आलं हो छप्पर पुढे! त्याने तोंड वाकडं करून वेल्डिंग केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन तापलं नि छपरातून आवाज आला, टक. संध्याकाळी गार पडल्यावर पुन्हा टक. मी खांबावर हात ठेवून उभा राहायचो. होडीची फळी पाण्यात गेली की चार दिवसांत शांत होते. हे शांत होईना. आठवड्याने पुढच्या काचेला केसाएवढी चीर गेली. बायकोला सांगितलं, नव्या छपराच्या मापाने कापून आणताना काच दुखावली असेल. जेवताना माझे कान मांगराकडे असायचे. वेल्डरला बोलवावं असं रोज वाटे, नि रोज मी त्याच्या दुकानावरून मान न वळवता जात असे.

संकष्टी आली. बायको नवं लुगडं नेसून, नारळ नि जास्वंदीची फुलं घेऊन गाडीत बसली. हेदवीसाठी तवसाळला जाणारी फेरीबोट गाठायची होती. इंजिन सुरू केलं, सगळी गाडी थरथरली. टक.

"कसला आवाज तो?"

"इंजिन तापतंय."

"इंजिन पुढे आहे. आवाज माझ्या डोक्यावर झाला."

मी तिकडे बघितलं. तिच्या कानशिलाशेजारच्या खांबावर, जोडाजवळ, रंग फाटला होता. मी इंजिन बंद केलं.

"उतर."

"का ते सांगा, मग उतरते."

"छप्पर जबरदस्तीने ओढून बसवलंय. सुटलं तर तुझ्या तोंडावर येईल. मला जमलेलं नाही ते."

ती उतरली. वेल्डरला मीच फोन केला. त्याने पुढचा जोड कापला तेव्हा छप्पर धाडकन मागे उसळलं नि काचेचे तुकडे ती बसली होती तिथे पडले. तो हसेल असं वाटलं होतं. हसला असता तर बरं झालं असतं.

वेल्डरचा सल्ला मी कसा धुडकावला तेही तोवर बायकोला सांगून झालं होतं. तिने फट नीट बघितली. मग त्याला विचारलं, "मधून कापायचं असं तू म्हणाला होतास ना?"

"व्हय, काकी."

"मग काप. ह्यांना विचारू नकोस."

पट्टी घातली. नवी काच बसली. नंतरच्या संकष्टीला आम्ही निघालो. फेरीबोटीवर लोक गाडीभोवती जमले, एकाने माझ्याकडे बघून सलाम ठोकला. माझं लक्ष कुठलं? तवसाळच्या चढावर प्रत्येक खड्ड्याला मी मान तिरकी करून छपराला कान लावत होतो.

"अहो," ती म्हणाली, "ते काय बोलतंय ते मी ऐकते. तुम्ही समोर बघा."