विल्मारचा नववा नंबर

आमच्या गावात डिसेंबरचा शेवटचा रविवार म्हणजे विल्मारचा रविवार. विल्मार एचेगोयेन पोस्टातून निवृत्त झालेला, बिनलग्नाचा, काडीसारखा बारीक माणूस. नदीकाठच्या आमच्या एकुलत्या एका थिएटरात वर्षभर लागतील तेवढे सगळे सिनेमे तो बघायचा आणि वर्ष सरताना गावच्या रेडिओवर येऊन त्यांचे नंबर लावायचा. सुरुवात शेवटच्या नंबरापासून. रेडिओ मीच चालवायचो, त्यामुळे समोर बसून त्याला येर्बाच्या पाल्याचा कडू चहा भरून देणं माझ्याकडे. त्या तासाभरात अंगणाअंगणातल्या शेगड्यांवर मांस करपायचं, कारण ते उलटायचं कुणाच्या ध्यानात राहायचं नाही.

एका वर्षी राजधानीतून, मोंतेविदेओहून, सिनेमावाले आले आणि त्यांनी आमच्याच गावात एक अख्खा सिनेमा काढला. अर्धं गाव त्यात कुठे ना कुठे उभं होतं. विल्मारची बहीण डोरिला, शाळेत स्वयंपाक करणारी, हिरोच्या मागून बादली घेऊन चौक ओलांडते. ऑगस्टच्या थंडीत तो सिनेमा थिएटरात लागला तेव्हा लोकांनी स्वतःसाठीच टाळ्या वाजवल्या. डोरिलाने नवा कोट शिवून घेतला होता.

म्हणून मी विल्मारला माईक चालू करण्याआधी म्हटलं, "जरा सांभाळून बोल."

"कशाबद्दल?"

"आपल्या गावाचा सिनेमा आहे."

"म्हणूनच तर दोनदा बघितला," तो म्हणाला आणि त्याने पेला माझ्याकडे सरकवला.

माईक चालू झाला. "या वर्षी नऊ सिनेमे आले," विल्मार म्हणाला. "नववा, आपला."

मी त्याला हाताने आवरतं घ्यायला खुणावलं. तो मात्र शांतपणे बोलत राहिला. "हिरो रडतो तेव्हा त्याच्यापेक्षा घोडा जास्त दुःखी दिसतो. सिनेमावाल्यांना आपली नदी आवडली. माणसं त्यांनी भिंतीसारखी उभी केली." पहिल्या नंबरावर त्याने डोंगरातल्या एका म्हाताऱ्या जोडप्याचा सिनेमा ठेवला. ते दोघं दिवसभर बसची वाट बघतात, एवढीच गोष्ट. "तो बघून घरी गेलो आणि बराच वेळ दिवा लावावासा वाटला नाही," एवढंच कारण त्याने दिलं.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्या रुबेनने मागे फळी भरलेली असताना त्याला सांगितलं, "पाव संपले." क्लबात लाकडी गोळे फेकायच्या खेळात त्याला कुणी जोडीला घेईना. विल्मारने ते मनावर घेतलं नाही. त्याला लागलं ते वेगळंच. नव्या वर्षाच्या जेवणाला डोरिलाने मला बोलावलं, त्याला बोलावलं नाही.

तरी तो आला. हातात कलिंगड घेऊन दारात उभा राहिला.

"आलास?" डोरिला म्हणाली. "जेवणालाही नंबर देणार असशील."

"दिला तर वरचाच देईन."

"गोड बोलू नकोस, हडकुळ्या. आधी सांग, मी कशी होते?"

विल्मारने कलिंगड टेबलावर ठेवलं. "बादली रिकामी होती, डोरिला. पण तू खांदा असा खाली सोडून चाललीस की मला पाणी हिंदकळताना दिसलं. त्या सिनेमात खरं तेवढंच होतं."

डोरिलाने सुरी घेऊन कलिंगड कापायला घेतलं. मग म्हणाली, "हे रेडिओवर बोलायला काय झालं होतं, गाढवा?"

"बहीण आहेस. लोक म्हणाले असते, घरचं कौतुक चाललंय."

"मी त्या सिनेमावाल्यांना म्हटलं होतं, पाणी भरा. तर म्हणतात, मावशी, आत काय आहे ते कुणाला दिसतंय?" तिने खुर्ची ओढून त्याला बसवलं. "सिनेमा टुकारच होता रे. पण तुझा तो पहिला नंबर? ती दोघं बसची वाट बघत होती आणि मी घोरत होते."

"म्हणजे तू तो पाहिलाच नाहीस."

"शेवट पाहिला. बस आलीच नाही."

जेवण थंड झालं तरी दोघांचा वाद संपेना. मी एकटाच खात होतो. शेवटी मीच म्हटलं, "डोरिलाताई, हे सगळं रेडिओवर येऊन बोला."

पुढच्या रविवारी ती खरंच आली, तोच नवा कोट घालून, आमच्याकडच्या जानेवारीच्या उकाड्यात. तिने आपले नंबर सांगितले. गावाचा सिनेमा आठवा, विल्मारचा लाडका नववा. बादलीचं सगळं प्रकरणही तिने सांगून टाकलं. फोनवर फोन आले. पहिला रुबेनचा होता. तो म्हणाला, "मी त्यात टोपली घेऊन उभा होतो. मलाही भिंतच केलं त्यांनी. विल्मारला म्हणावं, पाव आलेत."

आता दर वर्षी दोघं येतात. तासाचा कार्यक्रम दोन तासांचा झालाय, आणि येर्बाचं पाणी मला तीनदा तापवावं लागतं.