बिनचिमणीचा हीटर

आर्डिस टोलेफसनला राग आला की ती गोड बोलायची. उत्तर मिनेसोटातल्या त्या तळ्याकाठच्या गावात सगळेच तसे. पण बाकीच्यांचा राग बर्फाबरोबर वितळायचा, आर्डिसचा मुरायचा. तीस वर्षं ती लोकांच्या तळघरातल्या, घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करत होती. सुरुवातीला एका गृहस्थाने तिला दारातच विचारलं होतं, "मेकॅनिक कुठाय? तुम्ही त्याची बायको का?" त्याची भट्टी ती पुढे बावीस हिवाळे दुरुस्त करत राहिली, दर वेळी सगळ्यात शेवटी. तो बिचारा अंगात कोट घालून जेवायचा आणि वर तिचे आभार मानायचा.

असल्या बाईने शेजारच्या वेन्डेल प्राइसला माफ केलं असतं तरच नवल.

तिचे वडील, पामर, सुतार होते. निम्म्या गावाच्या स्वयंपाकघरातली कपाटं त्यांच्या हातची. त्यांच्याकडे बिडाचं एक रंधा मशीन होतं, चार माणसांना न हलणारं. त्याच्या लांब टेबलावरून फळी सरकवली की तिची कड सरळसोट यायची. सगळी करामत त्या टेबलाच्या सपाटीत. पामर त्यावर कॉफीचा कपसुद्धा ठेवू देत नसत. लहानपणी आर्डिसने एकदा ओले हातमोजे ठेवले आणि गंजाचा डाग पडला. पामरनी तिच्या हातात रॉकेल आणि तारेची घासणी दिली. दोन तास घासल्यावर डाग गेला, टेबल जसंच्या तसं.

पामर गेले आणि भावाने, लाइलने, त्यांची कामाची शेड रिकामी करायला लिलाव ठेवला. तिकडे एक रीत आहे, कुठे लिहिलेली नाही: घरचं माणूस बोली लावू लागलं की बाकीचे हात खिशात घालतात. मागे उभ्या असलेल्या आर्डिसने रंधा मशीनला बोली लावली आणि सगळ्या शेडमधले हात खिशात गेले. पुढच्या रांगेत एक हात वर झाला. तो वेन्डेलचा, निवृत्त होऊन ॲरिझोनाहून तिच्या शेजारी राहायला आलेल्या माणसाचा. तिने वाढवली, त्याने वाढवली. तिच्या गाठीचं संपलं आणि ती बाहेर निघून गेली. सगळं गाव वेन्डेलकडे बघत राहिलं. त्याला वाटलं आपलं कौतुकच चाललंय. त्याने टोपी हलवली.

"अगं, त्याला काय माहीत आपली रीत? नवा आहे तो," लाइल नंतर म्हणाला.

"नवा असेल, आंधळा नाही ना? मी रडत होते, लाइल."

पण वेन्डेलच्या तोंडावर कुणी अवाक्षर काढलं नाही. तशी पद्धतच नाही तिकडे.

नोव्हेंबरात वेन्डेल लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन तिच्या दारात उभा.

"आर्डिस, तुमच्याशिवाय कुणाला विचारू? गॅरेजात काम करायचंय, पण बोटं गोठतात हो. तुमच्या वडिलांचं मशीन नुसतं पडून आहे. काय चीज आहे! सौदा झक्कास झाला माझा."

"झाला ना," आर्डिस म्हणाली. "बसा. कॉफी घ्या."

त्याने खिशातून चिठ्ठी काढली. तीन हीटर लिहून आणले होते: एक विजेचा, एक छताला टांगायचा चिमणीवाला, आणि एक बिनचिमणीचा गॅसचा, जमिनीवर ठेवला की झालं. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर तिने डोळे मिटून चिमणीवाल्यावर बोट ठेवलं असतं. गॅसची एक टाकी जळली की बादलीभर पाणी वाफ होऊन हवेत जातं. चिमणी नसली तर ती वाफ गॅरेजातच फिरते आणि गारठलेल्या लोखंडावर जाऊन बसते. वेन्डेलच्या गॅरेजातलं सगळ्यात मोठं लोखंड कोणतं, हे काय आर्डिसला सांगायला हवं होतं?

तिने मनात सगळं जुळवलं. वसंतापर्यंत मशीन लाल होईल, वेन्डेल वैतागेल, भंगारात काढेल. मग आपण उचलायचं. रॉकेल, तारेची घासणी, आठवडाभराचं काम.

"बिनचिमणीचा घ्या," ती म्हणाली. "भिंतीला भोक नको, पाइप नको."

"धोका नाही ना?"

"खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. आणि हे न्या." तिने त्याला विषारी वायू साठला की कोकलणारी स्वतःची घंटा दिली. वेन्डेल मरायला नको होता. मेलेल्या माणसाला हळहळ कसली वाटणार?

तो हिवाळा आर्डिसने मजेत काढला. रोज सकाळी कॉफी घेऊन ती खिडकीशी उभी राहायची आणि शेजारच्या गॅरेजच्या काचांवरून आतल्या बाजूने वाहणाऱ्या धारा बघायची. चर्चमध्ये कॉफीच्या वेळी वेन्डेल ज्याला त्याला सांगायचा, "आर्डिसने निवडून दिला! गॅरेजात नुसता उन्हाळा!" बिनचिमणीच्या हीटरची खोड ठाऊक असलेली डझनभर माणसं तिथे होती. सगळी आपापल्या कपात बघत राहिली.

फेब्रुवारीत तो म्हणाला, "मशीनवर लाल लाल काहीतरी येतंय हो."

"येतं जुन्याला," आर्डिस म्हणाली. घरी जाऊन तिने आपल्या गॅरेजात जागा केली आणि रॉकेल आणून ठेवलं.

मार्चमध्ये त्याने तिला बोलावलं. "या, एक गंमत दाखवतो."

मशीन लखलखत होतं. टेबलभर गोल गोल ओरखडे.

"गंज शोधून दाखवा!" वेन्डेल म्हणाला. "तीन शनिवार घातले. लोखंड घासायचा ग्राइंडर घेतला आणि लाल दिसेल तिथे पार खोलवर खरवडून काढलं."

आर्डिसने टेबलावर तळवा ठेवला. खड्डा, उंचवटा, पुन्हा खड्डा. पात्याजवळच्या कडेचा टवका उडाला होता. हे आता रॉकेलने भरून निघणार नव्हतं, कशानेच नाही. गंजाचं तिला सगळं कळत होतं. हा माणूस ग्राइंडर हातात घेईल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आता लाकूड तिरकं निघतं मात्र," वेन्डेल म्हणाला. "म्हणून मी नवं मागवलंय. हे तुम्हीच घेऊन जा. पैशांचं नाव काढायचं नाही! कालच लाइल बोलला, लिलावात तुम्हीच बोली लावत होतात म्हणे. मला वाटलं, मागे कुणी भंगारवालाच आहे. म्हटलं, एवढी चांगली वस्तू वितळायला जायला नको. अहो, एका शब्दाने सांगायचंत! मी तिथेच हात खाली केला असता." बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले.

आर्डिसला त्याचा गळा धरावासा वाटला. ग्राइंडर फिरवणारा हात त्याचा होता. पण गंज चढवला होता तो तिने.

"आभारी आहे, वेन्डेल," ती म्हणाली. मग तिला राहवेना. "तो हीटर काढा. चिमणीवाला घ्या. मी स्वतः बसवून देते."

"का? याच्यात काय वाईट आहे?" वेन्डेलने विचारलं. "तुम्हीच तर निवडला."

आर्डिसचा हात टेबलावरच होता. तिला तो उचलवेना.