घरी बसण्याला इंग्रजीत काय म्हणतात

तो प्रस्ताव पुढे नामंजूर झाला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत कुणी उत्सुकता धरून बसायला नको. परिषदेच्या समितीने कळवलं, विषय चांगला आहे, पण तो कारखान्यांच्या विभागात घालावा की कुटुंबाच्या, हे ठरवता येत नाही. खरं तर आम्हालाही ते ठरवता आलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं. मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे आणि अंबरनाथ पूर्वेला राहायचे. आमच्या विषयाची दरवर्षी एक मोठी परिषद भरायची. एरवी तिथे एकेकट्याने जाऊन निबंध वाचायचा. त्या वर्षी पत्रक आलं की छोट्या गटांनीही यावं. तिघांनी मिळून एक विषय घ्यायचा, प्रत्येकाने दहा मिनिटं बोलायचं, आणि तिघांचं बोलणं एकमेकांत गुंतलेलं हवं. त्याआधी प्रस्ताव पाठवायचा. सगळ्यांचा मिळून एक सारांश, शिवाय प्रत्येकाचा वेगळा. शब्दांना मर्यादा, भाषा इंग्रजी, आणि सगळं टाइप केलेलं.

हे पत्रक आणलं बदलापूरच्या सरांनी. ते माझे जुने शिक्षक. शिकवता शिकवता अंबरनाथच्या कारखान्यांमध्ये भरतीच्या वेळी चाचण्या घ्यायलाही जायचे. मोरिवलीच्या कारखान्यांतली अर्धी माणसं आपण पारखून आत पाठवली आहेत, असं ते अभिमानाने सांगत. गटातली तिसरी म्हणजे माझ्याच विभागात शिकवणारी सिंधी मैत्रीण. तिचं घर उल्हासनगरच्या कॅम्पात होतं. मराठी तिला छान यायची, पण घाई झाली की ती हिंदीवर उतरायची.

विषय सरांनीच काढला. म्हणाले, "ज्यांना मी निवडलं होतं, ते सगळे आज घरी बसलेत. त्यांच्यावरच करू या."

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं, कारण आमचे हेही घरी बसले होते.

ह्यांची कंपनी मोरिवलीच्या बाजूला होती. हे तिथे स्टोअर्स सांभाळायचे. एका दिवाळीनंतर फाटकाला टाळं लागलं. पण कंपनी बंद झाली असं कुणी कागदावर म्हटलं नव्हतं. बोलणी चालू होती, कोर्टात तारखा पडत होत्या. त्यामुळे हे बेकार नव्हते, निवृत्त नव्हते आणि रजेवरही नव्हते. मी नातेवाइकांना रजेवर आहेत असंच सांगायचे. माझ्या नणंदेने एकदा फोनवर हसत हसत विचारलं, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतोय की नाही? मी म्हटलं, नाही, आमचा न्हावी भिंतीकडे नुसता बघतो. ती आणखी हसली. तिला वाटलं मी थट्टा केली.

हे भिंतीकडे बघत, पण तयार होऊन. रोज सकाळी दाढी, इस्त्रीचा शर्ट. ह्यांच्या कंपनीचा भोंगा गप्प झाला होता, पण शेजारच्या कारखान्याचा वाजायचा. तो वाजला की हे बूट घालायचे आणि हॉलमधल्या खुर्चीत बसायचे. सुटीच्या दिवशी भोंगा नसे, तरी घड्याळ बघून घालायचे. बूट घालून घरात वावरणं आमच्यात कुणी खपवून घेतलं नसतं. मी पहिल्यांदा बोलले. दुसऱ्यांदा बोलायला गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी फडकं घेऊन लादी पुसून टाकली. मग तेच चालू राहिलं. ह्यांनी चालायचं, मी पुसायचं. मला राग यायला हवा होता, कीव तरी यायला हवी होती. वर्गात मी भावनांचा धडा घ्यायचे, फळ्यावर सहा सहा भावना लिहायचे, आणि घरी येऊन ह्यातली एकही मला सापडायची नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

माझं घर उल्हासनगर आणि बदलापूरच्या मध्ये, म्हणून बैठका आमच्याकडे ठरल्या. रविवारी ही दोघं दारात चपला काढून आत यायची, आणि बूट घातलेला घरचा माणूस त्यांना चहा आणून द्यायचा. सर ह्यांना फारच आदराने नमस्कार करत. आम्ही हॉलमध्ये घरी बसलेल्या माणसांविषयी बोलायचो आणि हे स्वयंपाकघरात आलं किसायचे. ऐकू सगळं जायचं. आमच्या त्या दोन खोल्यांत न ऐकू येण्यासारखी जागाच नव्हती.

वाटणी अशी झाली. सरांनी त्या पुरुषांवर बोलायचं, मैत्रिणीने त्यांच्या मुलांच्या अभ्यासावर, मी बायकांवर. मी मोरिवलीत जाऊन बायकांना भेटू लागले. एक बाई जुन्या गावातली, आगरी, ओसरीवर सुकट निवडत होती. मी विचारलं, मालक घरी बसल्यापासून तुम्हाला कसं वाटतं? तिने वर न बघता सांगितलं, "त्यो बसलाय ना, म्हनून मी उबी हाय." मग मांजर हाकललं आणि मला विचारलं की हे लिहून तुला काय मिळतं. मी वही मिटली. तिचं वाक्य मात्र मी घरी येईपर्यंत तोंडात घोळवत होते.

पुढच्या रविवारी ते वाक्य मी सांगितलं आणि सगळं गाडं तिथेच अडलं. कारण आम्हाला मथळा हवा होता, तोही इंग्रजीत. सरांनी बेकारीचा इंग्रजी शब्द लिहिला होता. मी म्हटलं, हे लोक बेकार नाहीत, बसलेत. सर म्हणाले, तेच ते. मी म्हटलं, तेच ते नाही. मैत्रीण मला सामील झाली. सिंधीतही 'वेठो आहे' असंच म्हणतात, घरात बसलाय, असं तिने सांगितलं, आणि ते म्हणताना तिची आई लगेच आवाज खाली आणते. मग आम्ही तिघंही त्या एका क्रियापदाच्या मागे लागलो. कंपनी बसली. धक्का बसला. माणूस घरी बसला. काही महिने गेले की लोक म्हणतात, आता घडी बसली. सगळं बसण्यातच चाललंय, सर म्हणाले. इंग्रजीत बसणं म्हणजे नुसतं खुर्चीत बसणं. त्यात ना धक्का येतो ना घडी.

शेवटी आम्ही शब्दाला शब्द ठेवून 'सिटिंग ॲट होम' असा मथळा दिला, आणि पुढे समितीचा गोंधळ झाला तो ह्यामुळेच. तिथल्या कुणाला तरी वाटलं, हे गृहिणींविषयी आहे.

सारांश टाइप करायचे होते. मैत्रीण म्हणाली, कॅम्पात एक टायपिस्ट आहे, मी देते त्याच्याकडे. तेवढ्यात हे दारात आले आणि म्हणाले, "द्या इकडे, मी करतो." त्यांच्याकडे जुना टाइपरायटर होता, माळ्यावर पडलेला. किती तरी महिन्यांत त्यांनी आपणहून उच्चारलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य असावं. सरांनी घाईघाईने सगळे कागद त्यांच्या हातात दिले. माझा सारांश त्यातच होता, आणि त्यात शेवटचं उदाहरण होतं एका अधिकाऱ्याच्या बायकोचं. तिचा नवरा रोज भोंग्यावर बूट घालतो आणि घरातच बसतो, असं ती सांगते. सरांनी ते आधी वाचलं होतं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले होते, ताकाला जाऊन भांडं लपवू नका, हे तुमचंच आहे. मी म्हटलं होतं, असू दे, नाव कुठे आहे त्यात?

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून लवकर आले. हे टाइप करत होते. मी स्वयंपाकघरात मेथी निवडायला बसले. बोटांचा आवाज सारखा येत होता, हात चांगला बसलेला होता त्यांचा. मग आवाज थांबला. मी देठ खुडायची थांबले.

"अगं, इकडे ये."

मी गेले. कागद यंत्रातच होता.

"हा बूटवाला मी ना?"

"हो."

मला वाटलं कागद ओढून काढतील. आपल्या घरातलं सोनंनाणं कुणी चव्हाट्यावर मांडत नाही, मी तर आमची नामुष्की दहा मिनिटांच्या भाषणात मांडायला निघाले होते. त्यांनी पुन्हा ते वाक्य वाचलं. म्हणाले, "मोजे राहिलेत. मी नुसते बूट घालत नाही." मग शब्द मोजले. जन्मभर स्टोअर्स सांभाळलेला माणूस, मर्यादा म्हणजे मर्यादा. मोजे घातले की इंग्रजीत दोन शब्द वाढत होते, म्हणून दोन काढायला हवे होते. त्यांनी विचारलं, काय काढू? मी वाकून पाहिलं आणि 'असं ती सांगते' हे शब्द दाखवले. इंग्रजीत ते दोनच होतात.

त्यांनी ते काढले. आता कुणी काही सांगत नव्हतं, तो माणूस सरळ बूट आणि मोजे घालत होता. रडू यायला हवं होतं. नाही आलं. मी जाऊन उरलेली मेथी निवडली आणि भाजी फोडणीला टाकली.

प्रस्ताव पाठवण्याआधी तिघांनी तो उभं राहून मोठ्याने म्हणायचा, ही सरांची जुनी पद्धत. जे तोंडातून नीट निघत नाही ते कागदावरही नीट नसतं, असं ते म्हणत. शेवटच्या रविवारी आम्ही तसं करायला जमलो. वेळ संपल्याची खूण म्हणून घंटा हवी होती. घंटा म्हणजे आमच्याकडे एकच, देवघरातली. मी उठणार तोच हे म्हणाले, मी आणतो, वेळही मीच बघतो. देवघराशी जाऊन ते थबकले. बूट घालून देवाच्या घंटेला हात कसा लावायचा? त्यांनी खाली बसून लेस सोडल्या, बूट दाराबाहेर आमच्या चपलांशेजारी ठेवले आणि घंटा घेऊन मोज्यांनिशी स्टुलावर बसले. मैत्रीण उगाच तिचे कागद सारखे करत राहिली.

सर बोलले, ती बोलली. माझी पाळी आली. आगरी बाईचं वाक्य नीट गेलं. शेवटच्या उदाहरणाशी आले आणि घसा बसला. खोकून पाहिलं, पाणी प्यायले, आवाज म्हणून निघेना. मैत्रीण म्हणाली, रहने दो ना मॅडम, एवढं पुरे. सरांनी घड्याळ पाहिलं.

हे उठून उभे राहिले. माझ्या हातातला कागद घेतला आणि पुढचं वाचू लागले, स्टोअर्समध्ये मालाची यादी वाचायचे त्याच स्वच्छ आवाजात. हा माणूस रोज सकाळी भोंगा झाला की बूट आणि मोजे घालतो. तिथे थांबून त्यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"सर," ते म्हणाले, "आजच्यापुरतं हे चुकलंय."

"चालेल," सर म्हणाले. "प्रस्तावात चालतं."

ह्यांनी उरलेलं वाचलं, बसले आणि स्वतःच घंटा वाजवली. मग चहा टाकायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तेव्हा मी कॉलेजला निघायच्या गडबडीत होते. हे हॉलमध्ये बूट घालताना दिसले. म्हटलं, झालं, पुन्हा तेच. मी सवयीने फडकं घेतलं. तेवढ्यात त्यांनी टेबलावरचं प्रस्तावाचं पाकीट उचललं आणि पोस्टात टाकून येतो म्हणाले. जिन्यावर बुटांचा आवाज खाली खाली गेला. मी फडकं हातात घेऊन उभी राहिले. लादीवर काही नव्हतंच.

शेजारीण पाण्याचं विचारायला आली. रोजच्याप्रमाणे तिने आत डोकावून विचारलं, मिस्टर घरीच ना?

मी म्हणाले, "नाही, बाहेर गेलेत."

ती बरं म्हणून गेली. मी दार लावून घेतलं आणि तिथेच खाली बसले, आणि मग इतकी रडले की पहिलं लेक्चर बुडलं.